घरच्या संगणकाचा नवा कारभारी

बंगळूरच्या दक्षिण भागात, लालबागेच्या पलीकडे, जयनगर ही वसाहत आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना, १९४८ साली, तिचा आरंभ झाला आणि त्याची खूण म्हणून उभारलेला अशोकस्तंभ आजही तेथे पाहावयास मिळतो. रस्ते आधी आखून, जमिनीचे क्रमवार ब्लॉक पाडून मग घरे बांधावयाची, अशा शिस्तीने हा भाग वसला. शेजारीच लोकमान्यांचे नाव धारण करणारे टिळकनगर आहे. नोकरीच्या निमित्ताने कर्नाटकात येऊन येथेच रुळलेली मराठी कुटुंबे या परिसरात आढळतात. अशा एखाद्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दहाअकरा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असतो. त्यात नातवंडांची छायाचित्रे असतात, पेन्शनचे कागद असतात, क्वचित कोणी अर्ध्यावर सोडलेले आत्मचरित्रही असते. संगणक धडधाकट असतो. परंतु त्याच्यावर आता एक निराळेच संकट आले आहे.

ते संकट यंत्राचे नसून त्याच्या कारभाऱ्याचे आहे. जगातील असंख्य घरगुती संगणक विंडोज १० या प्रणालीवर चालत आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नित्याची देखभाल थांबविली. जे नाव नोंदवितील त्यांना आणखी एक वर्षापर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोय तेवढी ठेविली. त्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली घ्यावी, तर तिच्या अटी कडक आहेत. तिला टीपीएम २.० नावाचे सुरक्षायंत्र संगणकात असावे लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा असावा लागतो. म्हणजे २०१५ साली घेतलेला, पत्रे लिहिण्यास आणि चित्रपट पाहण्यास पूर्णपणे समर्थ असलेला संगणक केवळ या अटींत बसत नाही म्हणून भंगारात जावयाचा, किंवा दुरुस्त्यांवाचून उघड्या दारानिशी इंटरनेटवर बसावयाचा. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याचे दार उघडे राहणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

येथे कारभारी हा शब्द योजला आहे तो सहेतुक. संगणकाचे यंत्र स्वतः होऊन काहीच करीत नाही. कळफलकावरील कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटविणे, फाइल कोठे ठेवली हे लक्षात ठेवणे, छपाईयंत्राला निरोप देणे, एका वेळी चाललेल्या दहा कामांना पाळीपाळीने प्रोसेसरचा वेळ वाटून देणे, ही सारी व्यवस्था जी पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, असे म्हणतात. पत्र लिहिण्याचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम हा घरात कामाला आलेल्या माणसासारखा. कार्यप्रणाली हा वाड्याचा कारभारी. कारभारी म्हातारा झाला म्हणून वाडा पाडावयाचा नसतो, कारभारी बदलावयाचा असतो.

नवा कारभारी फुकट मिळतो, आणि तोही प्रामाणिक, हे ऐकून शंका यावी हे साहजिक आहे. म्हणून त्याची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाच्या प्रोग्रामचा मूळ पाठ वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. पुढे १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांपुढे ठेविला. तोच लिनक्स. या दोन प्रवाहांच्या संगमातून अनेक प्रणाली निघाल्या. १९९३ मध्ये डेबियन, तिच्यापासून २००४ मध्ये उबुंटू, आणि उबुंटूच्या आधारे २००६ मध्ये लिनक्स मिंट. यांस मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. पाककृती उघडी असल्यामुळे कोणालाही ती तपासता येते, आणि तपासणारे जगभर आहेत. मोठमोठ्या कंपन्याही त्यावर पैसा खर्च करतात, कारण त्यांचे स्वतःचे यंत्रसंभार याच गाभ्यावर चालतात. अँड्रॉइडच्या प्रत्येक भ्रमणध्वनीतही लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हा ज्या आजींना लिनक्स हे नाव परके वाटते, त्या बहुधा रोज ते हाताळीतच असतात.

बंगळूरला तर ही विद्या मुळीच नवी नाही. शतकाच्या आरंभी येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांचा हात असलेला सिंप्यूटर हा हातात मावणारा स्वस्त संगणक लिनक्सवरच चालत असे. २००१ पासून येथे लिनक्स बंगलोर या नावाने परिषदा भरत. पुढे त्यांना फॉस डॉट इन हे नाव मिळाले आणि २०१२ पर्यंत त्या चालल्या. सरकारी पातळीवर सी-डॅक या संस्थेने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली, आणि केरळातील सरकारी शाळांनी तर मुक्त प्रणालींवरच संगणकशिक्षण उभे केले.

नवशिक्याने यांतील कोणती निवडावी, यावर जाणत्यांत वाद होतात आणि ते वाद, वादपटूंखेरीज कोणाच्याच उपयोगाचे नसतात. विंडोजची सवय असलेल्या घरासाठी लिनक्स मिंट हे उत्तर पुरेसे आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, ही मांडणी पाहून परके वाटत नाही. तिच्या आवृत्त्यांना स्त्रियांची नावे देण्याची गमतीची प्रथा आहे. पहिली एडा, २०२४ च्या जुलैमध्ये आलेली बावीसावी विल्मा. या बावीसाव्या मालिकेस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. तिला किमान दोन गिगाबाइट रॅम लागते, चार असल्यास सुखाने चालते. डिस्कवर वीस गिगाबाइट जागा अगदी कमीत कमी, शंभर असलेली बरी. प्रोसेसर चौसष्ट बिटांचा हवा, आणि २०१० नंतरचे बहुतेक सारे तसेच आहेत. सिनॅमन हा तिचा नेहमीचा प्रकार. यंत्र फारच अशक्त असेल तर एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्यावा. संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसविणे हा खर्च मात्र अवश्य करावा. बंगळूरच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावर, संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. प्रणाली बदलल्याने जो वेग येतो त्याहून पुष्कळ अधिक वेग या एका बदलाने येतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आता मुख्य विधी. त्याची पहिली पायरी संगणकावर नसून कपाटात आहे. वेगळी बाह्य डिस्क आणून तिच्यावर घरातील सर्व छायाचित्रे, कागदपत्रे आणि पत्ते उतरवून घ्यावे, आणि ती डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून फाइली खरोखर उघडतात की नाही हे पाहावे. उतरवून घेतले एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ. उघडून पाहणारे थोडे. प्रणाली पुन्हा कितीही वेळा बसविता येते, पण नातवाच्या बारशाचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. बाकी सर्व पायऱ्यांवरील चूक दुरुस्त होण्याजोगी आहे, या एका पायरीवरील नाही.

दुसरी पायरी प्रणालीची प्रत मिळविण्याची. मिंटच्या अधिकृत ठिकाणाहून सुमारे तीन गिगाबाइटची एकच मोठी फाइल उतरवून घ्यावयाची असते. तिला आयएसओ म्हणतात. ती हाती आली की तिची ओळख पटवावी. प्रत्येक फाइलीपासून गणिताने चौसष्ट अक्षरांची एक खूण काढता येते, आणि फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी ती खूण पार बदलून जाते. प्रणालीच्या कर्त्यांनी प्रसिद्ध केलेली खूण आणि आपल्या फाइलीची खूण जुळली म्हणजे माल अस्सल समजावा. हा सोपस्कार निरर्थक नव्हे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात चोर शिरले आणि त्यांनी खऱ्या फाइलीच्या जागी चोरवाट ठेवलेल्या फाइलीचा दुवा लावून दिला होता. कर्त्यांनी ते स्वतःच जाहीर केले. ज्याला खात्री अधिक पक्की करावयाची असेल त्याने खुणेवरील कर्त्यांची संगणकीय स्वाक्षरीही पडताळावी, कारण ज्याने फाइल बदलली तो शेजारी छापलेली खूणही बदलू शकतो.

ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती नकलून चालत नाही. संगणक सुरू होताना ज्या रीतीने डिस्क वाचतो त्या रीतीने ती लिहावी लागते, आणि त्यासाठी एचर किंवा रूफस यांसारखा छोटा प्रोग्राम लागतो. आठ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह पुरतो. मात्र त्यावर आधी जे असेल ते पुसले जाते. त्यानंतर संगणक बंद करून, पेन ड्राइव्ह लावून, पुन्हा सुरू करताना एक ठराविक कळ दाबावयाची. डेल आणि लेनोव्हो यांच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ १२ असते, एचपीच्या यंत्रांत बहुधा एफ ९. इतरत्र एफ २, एस्केप किंवा डिलीट. पडदा उजळताच ती वारंवार दाबीत राहावे, एकदाच दाबून वाट पाहू नये. यादी आली की त्यातून पेन ड्राइव्ह निवडावयाचा.

आणि येथे या प्रणालीचा सर्वांत मोठा सद्गुण दिसतो. निवड केल्यावर दोनतीन मिनिटांत मिंट पडद्यावर अवतरते, पण डिस्कवर काहीही न लिहिता, पेन ड्राइव्हवरूनच. कारभाऱ्याला नेमण्यापूर्वी एक दिवस उमेदवारीवर ठेवण्यासारखे हे आहे. याच वेळी वाय-फाय लागते का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का, कॅमेरा दिसतो का, हे सारे पाहून घ्यावे. जयनगरातील घरी जर रविवारी सकाळी हे काम काढले असेल तर घाई करू नये. दुपारपर्यंत असेच वापरून पाहावे. वाय-फायचा काही जुना तुकडा, विशेषतः ब्रॉडकॉमचा, ओळखला गेला नाही तर भ्रमणध्वनी यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते आणि मागाहून ड्रायव्हर मॅनेजर या साधनातून योग्य ड्रायव्हर घेता येतो. काहीच जमले नाही, तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. जुना कारभारी काही झालेच नाही अशा थाटात हजर होतो.

मन स्थिर झाले म्हणजे पडद्यावरील इन्स्टॉल या चिन्हावर टिचकी मारावी. पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठीही असते. पुढे कळफलकाचा प्रश्न, मग चित्रफिती व गाणी वाजविण्याची साधने बसवावीत का हा प्रश्न; त्याला होकार द्यावा. त्यानंतर येतो तो प्रश्न मात्र सावधपणे वाचावयाचा: संपूर्ण डिस्क पुसून मिंट बसवावी, की विंडोजच्या शेजारी?

डिस्कची वाटणी कशी असते हे जयनगरकराला समजावून सांगणे सोपे आहे. सगळी जमीन एकच. पण तिच्यावर रेषा मारून पहिला ब्लॉक, दुसरा ब्लॉक, तिसरा ब्लॉक असे भाग पाडलेले. चौथ्या ब्लॉकातील बाजार हलविला म्हणून तिसऱ्या ब्लॉकातील घरांना धक्का लागत नाही. डिस्कवरही असेच भाग, म्हणजे पार्टिशन, असतात. संपूर्ण डिस्क पुसणे म्हणजे सगळ्या रेषा मोडून माळरान करणे. शेजारी बसविणे म्हणजे विंडोजचा ब्लॉक थोडा आक्रसून रिकाम्या झालेल्या जमिनीवर नवा ब्लॉक पाडणे. हे दुसरे काम करावयाचे असेल तर विंडोजचा ब्लॉक विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनाने आधीच लहान करून ठेवावा. ज्याचे घर त्यानेच भिंत सरकविलेली बरी.

शेजारधर्मात आणखी दोन अडचणी असतात. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाचे कुलूप डिस्कला लावलेले असू शकते, आणि काही यंत्रांत ते मालकाच्या नकळत लागलेले असते. ते आधी उघडावे, किंवा निदान त्याची अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. अन्यथा फेरफार पाहून विंडोज ऐन वेळी ती किल्ली मागते आणि घरात कोणालाच ती ठाऊक नसते. दुसरे म्हणजे विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करावी. ती चालू असता विंडोज खरोखर झोपत नाही, डोळे मिटून पडते. त्यामुळे तिच्या डिस्कवर दुसऱ्याला नीट लिहिता येत नाही. ज्या घरात विंडोजचे खरोखर काही काम उरलेले नाही त्याने मात्र दोन कारभारी ठेवू नयेत. जुना संगणक, लहान डिस्क आणि दोन प्रणाली, हा संसार ओढाताणीचाच होतो.

पुढील प्रश्न वेळेच्या पट्ट्याचा. जगाच्या नकाशावर बंगळूरवर बोट ठेवले तरी उत्तर कोलकाता असे येते. यात प्रणालीचा पक्षपात नाही. संगणकांच्या जागतिक यादीत भारतीय प्रमाणवेळ कोलकात्याच्याच नावाने नोंदली आहे. दोन प्रणाली ठेवणाऱ्याला मात्र येथे एक कोडे पडण्याचा संभव असतो. लिनक्स यंत्रातील घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर लावून त्यात साडेपाच तास मिळविते. विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळेचे समजते. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर बॅटरी संपली असे समजून दुकान गाठू नये. वेळेची ही समजूत एका आज्ञेने दुरुस्त होते.

शेवटी आपले नाव आणि परवलीचा शब्द द्यावयाचा. तो कागदावर लिहून ठेवण्यात लाज मानू नये, कारण नवे प्रोग्राम बसविताना प्रणाली तो दर वेळी विचारते. त्यानंतर वीसेक मिनिटे काही करावे लागत नाही. लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडलेला असावा, टेबलावरचा संगणक असल्यास इनव्हर्टर किंवा यूपीएसवर असावा. पाटी लिहिता लिहिता मध्येच वीज गेली तर पाटी अर्धवट राहते, एवढाच त्याचा अर्थ. विधी पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

नव्या प्रणालीत लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, चित्रे व चित्रफिती पाहण्याची साधने आयतीच असतात. पहिल्या दिवशी दोन गोष्टी कराव्यात: अपडेट मॅनेजर उघडून साचलेल्या दुरुस्त्या घ्याव्या, आणि टाइमशिफ्ट हे साधन चालू करावे. ते प्रणालीचे छायाचित्र वेळोवेळी टिपून ठेवते. पुढे काही बिघडले तर कालच्या स्थितीला परत जाता येते. मात्र टाइमशिफ्ट कारभाऱ्याची आठवण जपते, घरच्यांची नाही. कागदपत्रांची प्रत बाह्य डिस्कवर ठेवण्याचा नेम चालूच ठेवावा लागतो.

मराठी माणसाचा पुढचा प्रश्न मराठी लिहिण्याचा. कळफलकाच्या यादीत इन्स्क्रिप्ट ही भारतीय मांडणी आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि विशेष हा की सर्व भारतीय लिप्यांत त्या त्या उच्चाराची कळ एकच. आजोबा ज्या कळीवर मराठी क लिहितात त्याच कळीवर शाळेत कन्नड शिकणारी नात कन्नडचा क लिहिते. त्याच यादीत मराठीपुढे कागापा हे एक विचित्र नाव आढळते. ते मराठी नाही. कन्नड गणक परिषद या बंगळूरच्या संस्थेची ती आद्याक्षरे होत. के. पी. राव यांनी कन्नडसाठी आखलेली ही उच्चारानुसारी मांडणी कर्नाटक सरकारने प्रमाण मानली आणि पुढे लिनक्समध्ये ती हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठीही उतरली. इंग्रजी के या कळीवर क, जी वर ग, अशी तिची रीत असल्याने इंग्रजी टंकलेखनाची सवय असलेल्यास ती लवकर साधते. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न आहेत; ती हवी असल्यास मराठीसाठी केलेला टंक घ्यावा. लोहित हा टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त केला. त्याच कंपनीचे पुण्यातही मोठे कार्यालय आहे. पडद्यावरील सूचनांचे मराठीकरण मात्र अपुरे आहे. मध्येच इंग्रजी वाक्य डोकावते, आणि ज्याला ते खटकत असेल त्याला ते भाषांतरित करून प्रणालीच्या कर्त्यांकडे पाठविण्याची मोकळीक आहे. विंडोजमध्ये अशी मोकळीक नव्हती.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम बंगळूरच्याच कंपनीचा, पण तो विंडोजसाठी लिहिलेला आहे. घरून दुकानाचे हिशेब ठेवणाऱ्याने विंडोज सोडू नये. फोटोशॉपही येथे सरळपणे चालत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मात्र कोष्टके आणि चित्रे कधीकधी जागा सोडतात. डिजिटल स्वाक्षरीची टोकन वापरणाऱ्या सनदी लेखापालाने आधी चौकशी करावी. एचपीची छपाईयंत्रे बहुधा तत्काळ ओळखली जातात. इतरांची आधी पेन ड्राइव्हवरून परीक्षा घ्यावी. आणि मराठी घरांत हटकून निघणारी एक गोष्ट म्हणजे श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर. तो युनिकोडमध्ये नसल्याने तो टंक नसलेल्या कोणत्याही संगणकावर, मग प्रणाली कोणतीही असो, इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसतो. ते अर्ध्यावर राहिलेले आत्मचरित्र अशा टंकात असेल तर जुनी विंडोज पुसण्यापूर्वीच त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, आणि रूपांतरानंतर ते एकदा मूळ प्रतीशी ताडून वाचावे. रफार आणि जोडाक्षरे तेथेच दगा देतात.

सारे स्थिरस्थावर झाल्यावर तो आठ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह पुसून त्यावर गाणी भरण्याचा मोह होतो. तसे करू नये. पुढेमागे संगणक सुरूच होईनासा झाला, तर याच पेन ड्राइव्हवरून तो चालवून डिस्कवरील फाइली बाहेर काढता येतात. त्यावर एक चिठ्ठी चिकटवून, सुरू करताना दाबावयाच्या कळीचे नाव तिच्यावर लिहून, तो विजेच्या बिलांच्या खणात ठेवून द्यावा.